मुंबईला लेकरं नेताना गावातच ठरवायच्या गोष्टी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मुंबईत पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी येते. गेटवे, राणीची बाग, म्युझियम, चौपाटी. ठाण्या-पुण्याच्या वाचकाला ती पुरते. पण आर्णी, दारव्हा, दिग्रसकडच्या खेड्यातून चार आणि सात वर्षांची दोन लेकरं घेऊन निघणाऱ्या आईबापांना तिचा उपयोग थोडाच. सोयाबीन विकून चार पैसे हातात आले, कापसाचा पहिला वेचा घरी आला, की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं मुंबईला नातेवाइकांकडे जातात. पुढे 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारी वेगळीच. काय पाहावं हे त्यांना कोणी सांगायला नको. लेकरू कोणत्या बर्थवर झोपवावं, लोकलमध्ये आधी कोणी चढावं, एखादं मूल गर्दीत सुटलं तर कोणी कुठे थांबावं, हे सांगायला हवं. आम्ही याच भागातल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आहोत. पत्र लांबलं आहे, पण तपशील गाळले तर तेही एक यादीच होईल.

आमचं म्हणणं एवढंच की मुंबईचा बेत घरातल्या सर्वांत लहान लेकराच्या पावलावर आखावा, आणि अडचण आली तर काय करायचं हे गावातच, ओसरीवर बसून ठरवावं. प्लॅटफॉर्मवर ठरवायला वेळ मिळत नाही.

आधी हंगामाबद्दल. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडा-पंधरा दिवस उशिरा उघडतात. त्यामुळे जूनच्या मध्यावर आपली मुलं घरीच असतात आणि अनेक जण तेव्हा मुंबईचा बेत करतात. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो. म्हणजे बेत नेमका पहिल्या जोराच्या पावसात सापडतो. रुळांवर पाणी साचून लोकल थांबतात, समुद्र खवळलेला असतो, एलिफंटाच्या लाँच बंद पडतात. लहान मुलांना न्यायचं तर दिवाळीनंतरचे दिवस किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरे. थंडीत तिथल्या हवेत धूळ-धूर फार असतो, म्हणून दम्याच्या मुलाचा पंप बॅगेच्या तळाशी न ठेवता आईच्या पर्समध्ये ठेवावा.

तिकिटाचं पाहू. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी ते 120 दिवस होतं. अजूनही कित्येक जण जुन्या हिशेबानं चालतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट, नको असेल तर अर्धं. पैसे वाचवायला दोन मुलांची अर्धी तिकिटं काढली जातात आणि मग एका अरुंद फळीवर आई आणि दोन मुलं असा प्रकार होतो. कोणाचीच झोप होत नाही आणि दुसरा सबंध दिवस किरकिरीत जातो. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पूर्ण तिकीट काढणं हा आमच्या मते सहलीतला सर्वांत सार्थकी लागलेला पैसा. वयाच्या पुराव्यासाठी मुलाच्या आधार कार्डाची किंवा जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवावी. पाचच्या आतल्या मुलाचं निळं आधार कार्डही चालतं.

गाडी धरायला आपल्या भागातल्या माणसाला आधी एसटीनं धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावं लागतं. एसटीत पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून बायांनाही अर्धंच. शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नये. तिच्या आधीची धरावी. स्टेशनवर दोन तास बसायला लागले तरी चालतात, पण गाडीच्या वेळेला पळत सुटलेल्या कुटुंबाच्या हातून मूल सुटायला वेळ लागत नाही. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर खुला झाल्यापासून ट्रॅव्हल्सनं जाण्याचा मोह वाढला आहे. मोठ्या माणसाला ते ठीक. लहान मूल असेल तर मात्र रेल्वेच घ्यावी, कारण बसमध्ये संडास नसतो, मुलाला उठून चार पावलं टाकता येत नाहीत, आणि उलटी झाली तर गाडी लगेच थांबेलच असं नाही.

स्लीपर डब्यात तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं. पहिली खिडकीची. तिचं जड पत्र्याचं झाकण वरच्या खटक्यात नीट अडकलेलं नसेल तर धक्क्यासरशी खाली येतं आणि बोटं त्याखाली सापडतात. डब्यात बसल्याबरोबर झाकण वर ढकलून, खाली ओढून पाहावं. खटका ढिला असेल तर ते खालीच ठेवावं किंवा दुपट्ट्यानं बांधावं. दुसरी झोपण्याची. मूल खालच्या बर्थवर, भिंतीच्या बाजूला, आणि मोठं माणूस काठाला. वरच्या बर्थवर मुलाला एकटं झोपवू नये, मग ते कितीही हट्ट करो. तिसरी संडासची. दोन डब्यांच्या मधल्या जागेत दारं उघडी असतात, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलालासुद्धा एकटं पाठवू नये. पहाटे इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटात गार वारा लागतो, तेव्हा एक स्वेटर हाताशी असू द्यावा. आणि कल्याण येण्याआधी सगळ्या मुलांना एकदा लघवीला नेऊन आणावं. पुढे लोकल धरायची असेल तर तिच्यात संडास नसतो.

शिदोरी आपल्याकडच्या बायांना शिकवायची गरज नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी जवसाची किंवा तिळाची चटणी हे दोन दिवस टिकतं. भात, उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी रात्रीच्या पुढे ठेवू नये. मुंबईकडच्या दमट हवेत अन्न आपल्या अंदाजापेक्षा लवकर आंबतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात अख्खे फल्लीदाणे, फुटाणे देऊ नयेत. गाडीचा धक्का बसतो, मूल हसतं-बोलतं, आणि दाणा श्वासनलिकेत जातो. फल्लीचं कूट करून लाडू केले की हा धोका राहत नाही.

उतरायचं कुठे, हे नातेवाइकाला फोनवर तीन प्रश्न विचारून ठरवावं. तुमचं जवळचं स्टेशन कोणतं? घर पूर्वेला की पश्चिमेला? स्टेशनवरून चालत यायचं की रिक्षानं? मुंबईची उपनगरं रुळांनी दोन भागांत कापलेली आहेत. चुकीच्या बाजूला उतरलं की सामान आणि मुलं घेऊन पूल चढून परत यावं लागतं आणि त्यात अर्धा तास सहज जातो. डोंबिवली, ठाणे, मुलुंडला जायचं असेल तर शेवटच्या सीएसएमटी स्थानकापर्यंत जाऊन उलटं येऊ नये, कल्याणला किंवा ठाण्याला उतरावं. आपली गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढतानाच पाहावं. पत्ता कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, जवळच्या खुणेसह लिहून घ्यावा आणि तो दोन मोठ्या माणसांच्या खिशात वेगवेगळा ठेवावा.

दादरला जुन्या माहितीवर जाणाऱ्यांसाठी एक बदल सांगायला हवा. तिथे पूर्वी मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचा स्वतंत्र एक नंबर प्लॅटफॉर्म होता. डिसेंबर 2023 पासून सलग क्रमांक झाले आहेत. 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे, 8 ते 14 मध्य रेल्वेचे. "एक नंबरवर भेटू" असं कोणी जुन्या सवयीनं सांगितलं तर पुन्हा विचारून घ्यावं.

आता लोकल. खरी भीती इथली असते आणि ती रास्त आहे. लोकल स्टेशनात अर्ध्या मिनिटाच्या आसपास थांबते. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटच्या दिशेनं आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट दिशेनं मुलांना घेऊन चढूच नये. सकाळी साडेअकरा ते चार हा आपला वेळ. जलद गाडी टाळावी. धीम्या गाडीला वेळ जास्त लागतो, पण गर्दी कमी असते आणि चुकलं तर पुढचं स्टेशन जवळ असतं. इंडिकेटरवर गाडीच्या वेळेशेजारी ती जलद की धीमी आणि किती डब्यांची, हे दिसतं. बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्यांतले डबे प्लॅटफॉर्मवर वेगवेगळ्या जागी येतात. महिलांचा डबा कुठे येईल हे शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारलं की ती सांगते, आणि बहुतेक वेळा चढताना हातही देते. रेल्वेच्या नियमानं बारा वर्षांच्या आतला मुलगा आईसोबत महिला डब्यात बसू शकतो. गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यात जाता येतं.

चढण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी एक मोठं माणूस, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. पाचच्या आतल्या मुलाला चालवत चढवू नये, उचलून घ्यावं, कारण प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यामधली फट मुलाच्या पायाला पुरेशी असते. मोठ्या मुलाचा हात बोटांनी धरू नये, मनगट धरावं. घामानं बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. सामान पाठीवर हवं, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं हवीतच. एकट्या आईनं दोन लहान मुलं आणि बॅग घेऊन लोकलचा नाद सोडावा आणि टॅक्सीचे पैसे मोजावेत. उतरायच्या स्टेशनच्या आधीच्या स्टेशनलाच उठून दाराशी जावं, पण दारात उभं राहू नये. एसी लोकलची दारं आपोआप बंद होतात, म्हणून मुलांसाठी ती चांगली. तिचं तिकीट वेगळं आणि महाग असतं. साध्या तिकिटावर चढलं तर दंड भरावा लागतो.

कुटुंबातली अर्धी माणसं डब्यात आणि अर्धी प्लॅटफॉर्मवर राहिली, तर काय करायचं? धावत्या गाडीत उडी मारायची नाही, गाडीतून बाहेरही उडी मारायची नाही. जो खाली राहिला त्यानं जागेवरून हलायचं नाही. जो गाडीत गेला त्यानं पुढच्याच स्टेशनवर उतरून परत यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की वाटेत चुकामूक होते, आणि तासाभराचा प्रश्न दिवसाचा होतो. हा नियम सात वर्षांचं मूल सहज शिकतं. घरी दोन पाट मांडून, एक पाट गाडी आणि एक पाट स्टेशन, असा चार वेळा खेळ केला की पाठ होतो.

मूल हरवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खेड्यातल्या मुलाची यात एक वेगळी अडचण असते. गावात ते कुठेही गेलं तरी "अमक्याचा पोरगा" म्हणून कोणीतरी घरी आणून सोडतं. त्यामुळे त्याला आपलं पूर्ण नाव सांगायची सवयच नसते. वडिलांचं नाव विचारलं तर "बाबा", गाव विचारलं तर नुसतं गावाचं नाव. मुंबईच्या पोलिसाला त्या गावावरून काही कळणार नाही. तालुका आणि जिल्हा सांगता आला पाहिजे. निघण्याच्या पंधरा दिवस आधीपासून रोज संध्याकाळी मुलाकडून चार गोष्टी म्हणवून घ्याव्यात. स्वतःचं पूर्ण नाव, आईचं आणि वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, आणि मोबाइल नंबर. दहा आकडे सलग पाठ होत नाहीत. तीन, तीन आणि चार असे तोडून तालात म्हटले की सहा वर्षांचं मूल आठवड्यात म्हणतं. जो नंबर पाठ केला तोच फोन मुंबईत चालू आणि चार्ज असला पाहिजे. गावी राहिलेल्या आजोबांचा नंबर पाठ करून उपयोग नाही.

सहाच्या आतल्या मुलाला एवढंच शिकवावं की आई दिसेनाशी झाली तर आहे तिथेच उभं राहायचं आणि मोठ्यानं हाक मारायची. सहाच्या वरच्या मुलाला गणवेशातला पोलीस, तिकीट खिडकी, स्टॉलवाला किंवा कडेवर लेकरू असलेली बाई, यांच्यापैकी कोणाकडे जायचं हे दाखवून ठेवावं. नाव-नंबरची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून चड्डीच्या किंवा फ्रॉकच्या आतल्या खिशात शिवावी. हातावर बॉलपेननं लिहिलेला नंबर घामानं तासाभरात पुसतो. मुलाचं नाव शर्टावर किंवा टोपीवर बाहेरून दिसेल असं लिहू नये. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं. रोज सकाळी बाहेर पडताना त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा एक फोटो मोबाइलवर काढावा. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. फोटो दाखवता येतो.

मूल दिसलं नाही तर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची असतात. एकानं जागेवर थांबावं, दुसऱ्यानं स्टेशन मास्तरच्या कार्यालयात किंवा रेल्वे पोलिसांकडे जाऊन लगेच पुकारा करायला सांगावा. लाजू नये, "थोडं अजून शोधू" म्हणत वेळ घालवू नये. रेल्वेसाठी 139, मुलांसाठी 1098, आणि कुठल्याही संकटात 112. हे तीन नंबर फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे हवेत.

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनाला जाणाऱ्या कुटुंबांना हे सगळं दुप्पट लागू आहे. विदर्भातून नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला अशा स्टेशनांवरून हजारो माणसं मुलाबाळांसह निघतात. आईबापांना आपल्या लेकरांना ती भूमी दाखवायची असते, आणि ती दाखवायलाच हवी. पण मूल पाचच्या आतलं असेल तर शक्यतो 4 तारखेला पोचावं आणि 5 च्या सकाळी दर्शन घ्यावं. 5 च्या संध्याकाळपासून रांग कित्येक तासांची होते. दादर स्टेशनवरून पश्चिमेला बाहेर पडावं. तिथून चैत्यभूमी मोठ्या माणसाला अर्ध्या तासाच्या आत, मुलासोबत पाऊण तासाची वाट आहे. शिवाजी पार्कवर महापालिका मंडप, पाणी, फिरते संडास आणि वैद्यकीय कक्ष उभारते. मुक्कामाची जागा ठरली की आधी नियंत्रण कक्ष आणि वैद्यकीय कक्ष कुठे आहे ते मुलाला चालवत नेऊन दाखवावं. सगळे मंडप सारखे दिसतात, म्हणून आपल्या जागेवर काठीला ठळक रंगाचा दुपट्टा बांधावा. रांगेत सगळ्यांनी एकत्र उभं राहायची गरज नसते. लहान मुलानं एका मोठ्या माणसासोबत मैदानात थांबावं, आणि परत आलेल्यानं मग मुलाजवळ थांबून त्या माणसाला दर्शनाला सोडावं. परतीची गाडी सीएसएमटीहून सुटत असेल तर दादरला चढण्याचा प्रयत्न करू नये. सुरुवातीच्या स्टेशनला ती बराच वेळ उभी असते, मुलांना शांतपणे चढवता येतं. पुलावर मध्येच थांबू नये, सामान टेकू नये. 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, ऐन पावसात माणसं खोळंबून राहिल्यामुळे चेंगराचेंगरी झाली आणि 23 जण गेले. पुलावर गर्दी दाटलेली दिसली की खालीच भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं थांबावं.

रस्त्यावरच्या प्रवासाचं थोडक्यात. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. मीटर टाकायला सांगावं. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे 2025 पासून 10 रुपये आहे. सुट्टे जवळ ठेवावेत. फेब्रुवारी 2023 पासून विजेवरच्या एसी दुमजली बस धावतात. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर त्या तिकिटात मुलाला जे पाहायला मिळतं ते मोठ्या खर्चाच्या टूरमध्येही मिळत नाही. भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. मुलांसोबत लोकलपेक्षा ती कितीतरी सोपी आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला जायला सीएसएमटीहून तिच्यात बसलं की 'सायन्स सेंटर' याच नावाचं स्टेशन येतं.

मेट्रोत आणि मॉलमध्ये सरकते जिने असतात. आपल्या मुलांना ते नवे असतात. पाचच्या आतल्याला उचलून घ्यावं. मोठ्यानं पायरीच्या मध्ये, पिवळ्या रेषेच्या आत उभं राहावं. मऊ प्लास्टिकचे चप्पल-बूट, फ्रॉकची झालर आणि आईचा पदर कडेच्या फटीत ओढले जातात. पदर खोचून घ्यावा. जिन्यावर बसू देऊ नये.

नातेवाइकाच्या घरातही दोन धोके आहेत, जे आपल्याकडच्या बैठ्या घरात नसतात. खिडकीजवळचा सोफा किंवा दिवाण, ज्यावर चढून मूल थेट खिडकीत पोचतं. पहिल्याच दिवशी यजमानांना सांगून तो सरकवून घ्यावा, त्यात कसला संकोच? आणि दाराचं लॅच. दार वाऱ्यानं ओढलं गेलं की ते आपोआप लागतं, मूल आत आणि आई बाहेर. एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली असावी.

आता काय पाहायचं. तीन-चार वर्षांचं मूल वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त सलग चालत नाही आणि दुपारी एक ते तीन झोपतं. म्हणून दिवसाला एकच ठिकाण. 'मुंबई दर्शन'च्या बसनं एका दिवसात आठ-दहा जागा होतात खऱ्या, पण मूल त्यातल्या निम्म्या खांद्यावर झोपून काढतं. पोचल्या दिवशी आराम आणि संध्याकाळी फक्त समुद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी राणीची बाग. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. ती बुधवारी बंद असते. तिथे पेंग्विन आहेत, त्यांच्याकडे आधी जावं, उशिरा गेलं की रांग लांबते. तिसऱ्या दिवशी सहाच्या वरचं मूल असेल तर विज्ञान केंद्र, जिथे बटणं दाबून, चाकं फिरवून पाहता येतं. नुसतं काचेतून पाहायच्या जागी लहान मुलं रमत नाहीत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी आणि एलिफंटा सोमवारी बंद असतात. तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे, पण जुन्या याद्यांत ते अजून छापलं जातं आणि माणसं मुलांना घेऊन तिथवर जातात. एलिफंटाला लाँचनं तासभर लागतो, वर शंभरावर पायऱ्या आहेत. पाचच्या आतलं मूल असेल तर तो बेत सोडावा. गेलात तर लाँचमध्ये मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट अंगात घालून घ्यावं, नसेल तर चढू नये. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून निघालेल्या लाँचला झालेला अपघात सर्वांच्या स्मरणात असेल.

समुद्राबद्दल आईबापांनीच आधी समजून घ्यायला हवं. आपली मुलं नदी-नाला, तळं ओळखतात. टोंगळ्याइतकं पाणी म्हणजे बिनधोक, असा आपला अंदाज. समुद्रात तो चुकतो. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, मूल तोल जाऊन बसतं आणि दुसरी लाट त्याच्या डोक्यावरून जाते. मुलाच्या घोट्याइतकंच पाणी, आणि मनगट मोठ्या माणसाच्या हातात. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, आणि वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. ओहोटीला वाळू रुंद दिसते म्हणून चपला-सामान दूर ठेवलं जातं आणि पाणी परत येतं. हाजी अलीची वाट तर भरतीत पाण्याखाली जाते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे सिमेंटचे तिकोनी दगड आहेत, त्यांवर शेवाळ असतं. फोटोसाठीसुद्धा मुलाला तिकडे उतरवू नये. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर बुडण्याच्या घटना वारंवार होतात, तिथे मुलं नेऊच नयेत. जुहूला पावसाळ्यात निळसर फुग्यांसारखे जीव वाहून येतात. ते दंश करतात. मूल फुगा समजून उचलतं.

तब्येतीचं म्हणाल तर आपल्याकडचा 44-45 अंशांचा उन्हाळा सोसणारं लेकरू मुंबईच्या 33 अंशांत कोमेजतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. सुती कपडे, दिवसातून दोनदा अंग पुसणं, आणि मागेल तेव्हा नाही तर दर अर्ध्या तासानं पाणी. ओआरएसची दोन पाकिटं सोबत हवीत. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घ्यावं. मोठं पाकीट एक लिटरमध्येच मिसळायचं असतं, अर्ध्या पेल्यात मिसळलं तर अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. बर्फाचा गोळा आणि उसाच्या रसातला बर्फ टाळावा. वडापाव गरम कढईतला खाल्ला तर पोटाला त्रास होण्याचं कारण नाही. तापाच्या औषधाचं प्रमाण मुलाच्या वजनावर असतं, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणावं. परळला लहान मुलांचं वाडिया रुग्णालय आहे आणि 108 ही रुग्णवाहिका तिथेही येते. एक विनंती: दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. आपल्याच मातीतल्या महाराजांच्या नावाची म्हणून फिरायला आलेल्यांनी तिथे जागा मागू नये.

शेवटी आपल्या वर्तमानपत्राकडे एक मागणी. रविवारी मुंबईत रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. दुरुस्तीसाठी सकाळी दहा-अकरापासून दुपारी चार-पाचपर्यंत काही मार्गांवर लोकल बंद असतात किंवा वळवल्या जातात. मुलांना घेऊन लोकल गाठायला आम्ही वर सांगितलेला मोकळा वेळ तो हाच. मुंबईच्या आवृत्त्यांत ही माहिती शनिवारी छापली जाते. विदर्भातून शनिवारी रात्री गाडीत बसणाऱ्या कुटुंबाला तिची तेवढीच गरज असते, कारण ते रविवारी सकाळी त्याच ब्लॉकमध्ये उतरतं. दिवाळीच्या सुट्टीपासून 6 डिसेंबरपर्यंत आणि पुन्हा एप्रिल ते जून, शनिवारच्या विदर्भ आवृत्तीत मेगाब्लॉकची वेळ, मार्ग आणि रविवारच्या भरतीची वेळ, एवढ्या चार ओळी छापाव्यात. जागा एसटीच्या वेळापत्रकाशेजारी दिली तर लोक ती कापून खिशात ठेवतील.

आपल्या,
आर्णी, दारव्हा व दिग्रस तालुक्यांतील काही शिक्षिका व अंगणवाडी सेविका
(जि. यवतमाळ)